नेट गेलं म्हणजे नक्की काय गेलं?

गेल्या वर्षी श्रावण लागला तशी मी संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरी आले आणि गौरी-गणपतीचे विसर्जन होईपर्यंत तिथूनच कार्यालयाचे काम केले. मी लेखापाल आहे. दिवसभर सहकाऱ्यांशी बोलणे, मोठ्या फाइली पाठवणे आणि मागवणे, संध्याकाळी एक ठरलेली बैठक, एवढे निर्वेध चालले की माझे काम भागते. पण मी तिथे राहायला गेले ते केवळ कामाच्या सोयीसाठी नव्हे. माझा भाऊ मस्कतला असतो. रोज रात्री साडेआठला त्याची मुले आजीशी व्हिडिओवर बोलतात, आणि गेले कित्येक महिने ते बोलणे मध्येच तुटत होते. आईला वाटायचे की मुलांनीच फोन ठेवला. ती अर्धा-पाऊण तास फोन मांडीवर घेऊन बसायची आणि मग मला पुण्याला फोन करून म्हणायची, "नेट गेलं गो परत." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले होते की त्याचा अर्थ मला कळतो असेच मी धरून चालले होते. त्या एका वाक्यामागे तीन निरनिराळे बिघाड दडले आहेत, हे तिथे राहिल्यावर ध्यानात आले.

मी येण्याआधी जोडणी देणाऱ्या कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला होता. पहिल्या खेपेला त्याने राउटर बदलून दिला, दुसऱ्या खेपेला पन्नास एमबीपीएस वेगाऐवजी शंभरची योजना घ्यायला लावली आणि तिसऱ्या खेपेला "काकू, घर मोठं आहे, रिपीटर लागेल", म्हणजे वायफाय पुढच्या खोल्यांत पोचवणारे यंत्र, असे सांगून गेला. मुलगा भला होता, पावसात दुचाकीवरून येत होता, आणि त्याने सुचवलेला एकेक उपाय कुठल्या ना कुठल्या घरी लागू पडला असता. मात्र बिघाड कुठे आहे हे न पाहता उपाय केल्यामुळे पैसे गेले आणि तक्रार जागच्या जागी राहिली.

आपण ज्याला सरसकट "नेट" म्हणतो, त्याचे घरापुरते तीन टप्पे असतात. पहिला टप्पा बाहेरून खांबांवरून घरात येणाऱ्या फायबरच्या तारेचा. दुसरा त्या तारेतला प्रकाश वाचणाऱ्या आणि त्याचे वायफाय करणाऱ्या राउटरचा, त्याच्या वीजपुरवठ्यासकट. तिसरा राउटरपासून हातातल्या फोनपर्यंतच्या हवेचा. फोनवर गोल गोल फिरणारे चिन्ह तिन्ही बिघाडांत सारखेच दिसते, म्हणून फोनकडे पाहून काहीही कळत नाही. कोणता टप्पा तुटला हे आधी ठरवायचे आणि ते ठरेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, एवढा एकच नियम मी पाळला. एक शंभर पानी वही घेतली, तिला दोरा ओवून राउटरशेजारच्या खुंटीला अडकवली आणि आईला सांगितले की नेट गेले की राउटर बंद करायचा नाही. आधी त्याचे दिवे बघायचे आणि वेळ लिहायची.

राउटर बंद करून पुन्हा चालू करा, हा सल्ला प्रत्येक ग्राहक सेवा केंद्र देते. त्याने बरेचदा काम होते हे खरे आहे. पण तो पहिला उपाय म्हणून सांगणे मला चुकीचे वाटते, कारण पुरावा त्यातच पुसला जातो. बहुतेक घरगुती राउटरमधली नोंद बंद केल्याबरोबर नाहीशी होते, दिवे पुन्हा पहिल्यापासून लागतात, आणि दोन-तीन मिनिटांनी सारे सुरळीत झाले की बिघाड कुठे होता हे कोणालाच सांगता येत नाही. दिवे पाहायला अर्धे मिनिट लागते. तेवढे थांबावे.

आमच्या राउटरवर पाच दिवे होते. त्यांपैकी महत्त्वाचे दोन: पॉन आणि एल.ओ.एस. पॉनचा हिरवा दिवा स्थिर असला की बाहेरून प्रकाश येतो आहे आणि पलीकडच्या यंत्राशी ओळख पटली आहे. एल.ओ.एस.चा दिवा लाल झाला, किंवा लाल लुकलुकू लागला, की प्रकाश पोहोचतच नाही. मग घरातल्या वायफायशी कितीही झटापट केली तरी उपयोग नाही. पहिल्याच आठवड्यात वहीत लाल दिव्याच्या चार नोंदी झाल्या आणि चारही वेळी पाऊस कोसळत होता. गावात सगळे हेच म्हणतात, की पाऊस आला की नेट जाते. मलाही ते पटले असते. परंतु फायबर म्हणजे काचेचा तंतू, त्यातून प्रकाश जातो आणि नुसत्या ओलाव्याने तो अडत नाही. शिवाय शेजारच्या वाडीत त्याच कंपनीची जोडणी होती आणि तिथले नेट त्या वेळी चालू होते.

पाचव्या खेपेला पाऊस सुरू झाला तेव्हा मी मुद्दाम ओटीवर येऊन उभी राहिले. सर आली तशी आई लगबगीने आली आणि तिने ओटीची खिडकी ओढून घेतली. दहा-बारा सेकंदांत दिवा लाल झाला. तार खिडकीच्या चौकटीतून आत घेतली होती आणि झडप लावली की तिची कड त्या तारेवर दाबून बसत होती. उन्हाच्या दिवसांत खिडकी उघडी असायची, म्हणून काही होत नसे.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपल्या घरी येणारी बहुतेक फायबर जोडणी जीपॉन पद्धतीची असते: पलीकडून निघालेला एकच प्रकाश वाटेत विभाजकांनी बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटला जातो, त्यामुळे प्रत्येक घराच्या वाट्याला मुळातच थोडा येतो. खाली येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि आपल्याकडून वर जाणारा १३१० नॅनोमीटरचा, म्हणून एकाच तंतूत दोन्ही नांदतात. तंतू फार तीव्र वळवला की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. राउटरच्या माहितीच्या पानावर आत येणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसते. ती डीबीएम या एककात, उणे आकड्यांत असते; शून्याच्या जवळचा आकडा चांगला. सर्वसाधारण घरगुती यंत्राला ती उणे २७ डीबीएमच्या वर लागते. आमच्याकडे खिडकी उघडी असताना ती उणे २५ होती, म्हणजे काठावरच, आणि झडपेचा दाब पडला की त्याखाली जायची. कंपनीच्या माणसाने तार काढून भिंतीला वेगळे भोक पाडले आणि उरलेल्या तारेचे बशीएवढे सैल वेटोळे करून खिळ्याला अडकवले. पातळी उणे २१ वर आली. ही मापे लघुगणकी असतात. तीन अंकांचा फरक म्हणजे दुप्पट, त्यामुळे चार अंकांचा फरक म्हणजे अडीचपट प्रकाश. फायबरचे टोक मात्र घरच्या माणसांनी उघडू नये. त्यातून येणारा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यात डोकावणे धोक्याचे असते, आणि बोटाचा नुसता स्पर्श त्या टोकावर डाग ठेवून जातो.

पावसातली तक्रार मिटली. रात्रीची उरली.

तिच्या नोंदी निराळ्या होत्या. लाल दिवा नाही, पण सगळे दिवे एकदम विझून पुन्हा पहिल्यापासून लागत होते. आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून चार-पाचदा तरी लपंडाव खेळते, म्हणून घरात इन्व्हर्टर आहे आणि राउटर त्यावरच चालतो. त्यामुळे वीज जाण्याचा याच्याशी संबंध नसणार, असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले होते. वही वाचताना दिसले की वीज गेल्याच्या आणि आल्याच्या प्रत्येक वेळी राउटरने नव्याने सुरुवात केली होती. इन्व्हर्टर वीज हातात घेतो तेव्हा क्षणाच्याही अंशाची फट पडते. दिव्यांना आणि पंख्यांना ती जाणवत नाही. राउटरच्या ॲडॉप्टरमधले कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारे भाग, धडधाकट असले तर छोटी फट ते भरून काढतात. जुने झाले की तेवढीही कळ सोसवत नाही. राउटर नवा दिला होता, ॲडॉप्टर मात्र जुनाच ठेवला होता, आणि हात लावला तर तो चांगलाच चटका देण्याइतका तापलेला असायचा.

मी दोन गोष्टी केल्या, पण एका दिवशी नाही. आधी इन्व्हर्टरच्या मागचे बटण नॉर्मलवरून यूपीएसवर केले. त्या स्थितीत बदल लवकर होतो. दोन दिवस वही पाहिली. विझणे कमी झाले, थांबले नाही. मग देवरूखहून नवा ॲडॉप्टर आणला. ॲडॉप्टर घेताना व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, आमच्या राउटरला १२. अँपिअर तेवढे किंवा त्याहून जास्त चालतात, कमी चालत नाहीत. आणि पिनेचा आकार व तिचे धन-ऋण जुळले पाहिजे. व्होल्ट आणि अँपिअर राउटरच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेले असतात. त्यानंतर वीज आली-गेली तरी राउटरचा दिवा हलला नाही. एकदम दोन्ही बदल केले असते तर नेमका कोणता लागू पडला हे कळले नसते, आणि पुढच्या वेळी पुन्हा दोन्हींचा खर्च करावा लागला असता.

आता तिसरा टप्पा, हवेचा; आणि माझ्या मते सर्वांत जास्त गैरसमज याच ठिकाणी आहेत. आमचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे. ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि मागची पडवी अशी खोलीमागे खोली, आणि मधल्या भिंती दीड-दीड फूट जाडीच्या. तार ओटीवर आली म्हणून राउटरही ओटीवरच, मीटरच्या फळीखाली, जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवलेला. आई व्हिडिओवर बोलते ती स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून. वायफायची ताकद मोजणारे एक फुकट मिळणारे ॲप मी फोनवर घेतले आणि खोलीखोलीतून फिरून आकडे लिहिले: ओटीवर उणे ४५, माजघरात उणे ६३, स्वयंपाकघरात उणे ८२, पडवीत काहीच नाही. इथेही शून्याच्या जवळचा आकडा चांगला. दहाने खाली गेला की ताकद दहाव्या हिश्श्यावर येते. व्हिडिओवरचे बोलणे अडखळू नये यासाठी उणे ६७ च्या आसपास तरी पाहिजे, असे साधारण धरतात. माजघरापासून स्वयंपाकघरापर्यंत सोळा पावले आहेत. तेवढ्यात ताकद जवळजवळ ऐंशीपट घटत होती, आणि तरी सगळे जण योजना वाढवायला सांगत होते. नळाला पाणी कमी येते म्हणून गावाचे धरण उंच करण्यासारखे ते होते.

चिरा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी पितो, आणि पाणी वायफायच्या लहरी शोषते. एकाच घरात वैशाखात आणि श्रावणात वायफायचे आकडे वेगळे येतात ते यामुळे. हल्लीचे राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब, दुसऱ्याची पाच-सहा सेंटिमीटर. पाचचा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतो, २.४ चा सावकाश, पण दोन भिंती ओलांडून पुढे जातो. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असते तेव्हा कोणता घ्यायचा हे फोन ठरवतो, आणि फोन एकदा पकडलेला पट्टा सहजी सोडत नाही. आई ओटीवरून फोन घेऊन आत गेली तरी तो पाचलाच चिकटून राहायचा. मी दोन्हींना वेगळी नावे दिली आणि आईच्या फोनवर फक्त २.४ चे ठेवले. व्हिडिओच्या बोलण्याला दोन-तीन एमबीपीएस पुरतात, शंभराची गरजच नसते.

त्यानंतर राउटर हलवला. तार वाढवून तो माजघराच्या दाराशेजारी, छातीच्या उंचीवर, मोकळ्या भिंतीवर बसवला. लोखंडी कपाट, आरसा, पाण्याचा पिंप आणि भांड्यांची मांडणी या चार गोष्टींपासून राउटर दूर असला पाहिजे, कारण धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या पिऊन टाकते. स्वयंपाकघरातला आकडा उणे ६६ झाला. खर्च तार वाढवण्याचा काय तो आला. त्या रात्री नातवंडे पाऊण तास बोलली, आणि धाकट्याने आजीला चित्रकलेची अख्खी वही एकेक पान उलटून दाखवली. आई पाटावरून उठली तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला, आणि महिन्याभराच्या त्या खटाटोपाचे मला चीज झाले असे वाटले.

रिपीटर मी घेतला नाही. साधा रिपीटर त्याच हवेतून ऐकतो आणि त्याच हवेतून पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय तो बहुधा जिथे रेंज नाही तिथेच लावला जातो, आणि जिथे त्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तिथून तो पुढे काय सांगणार? माझ्या कामासाठी मागच्या पडवीत नेट हवे होते, म्हणून वाशांवरून केबल ओढून तिथे एक जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलने आलेल्या नेटचे तिथे वायफाय करण्यासाठी, लावला. केबलचे म्हणाल तर एक गोष्ट मला पुष्कळ वेळ घालवून कळली. पडवीत वेग ९४ च्या पुढे जाईना. शंभरची योजना असल्याने आधी लक्षात आले नाही; पण घरातल्या घरात, दोन संगणकांमध्ये मोठी फाइल पाठवतानाही तोच आकडा आला तेव्हा शंका आली. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. शंभर एमबीपीएसला दोनच पुरतात, हजाराला चारही लागतात. टोकाला दाबताना एक तार जरी नीट बसली नाही, तरी यंत्रे मुकाट्याने शंभरावर उतरतात आणि प्रत्यक्षात चौऱ्याण्णवच्या आसपास मिळतात. तपकिरी तार चिमट्यात आली नव्हती. टोक कापून नवे दाबले.

हे सगळे आमच्या गावच्या घराचे झाले. पुण्यातल्या माझ्या सदनिकेत याच्या उलट आहे. तिथे भिंती सहा इंची आहेत, खोल्या लहान आहेत, आकडे उत्तम येतात, आणि तरी रात्री नऊला नेट रखडते. गावात ॲपवर आमचे एकच नाव दिसत होते. पुण्यात झोपायच्या खोलीतून मी सत्तावीस नावे मोजली. २.४ चा पट्टा आपल्याकडे २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येतो, म्हणून वायफाय, ब्लूटूथ, बिनतारी माऊस सगळे तिथेच गर्दी करतात, आणि मायक्रोवेव्ह भट्टीही २.४५ गिगाहर्ट्झवर चालते. या पट्ट्यात १ ते १३ अशी चॅनेल आहेत, पण त्यांच्यात प्रत्येकी ५ मेगाहर्ट्झचेच अंतर आणि प्रत्येकाला जागा लागते २० मेगाहर्ट्झची. त्यामुळे एकमेकांना न धक्का देणारी म्हणून १, ६ आणि ११ ही तीनच धरायची. पुष्कळांना वाटते की शेजारी सहावर आहे म्हणून आपण सातवर जावे. ते वाईट. एकाच चॅनेलवरची यंत्रे एकमेकांचे ऐकून पाळीपाळीने बोलतात. अर्धवट आच्छादलेल्या चॅनेलवरची यंत्रे एकमेकांना गोंगाट समजतात आणि एकमेकांवरून बोलत राहतात. पुण्यात मी फोन आणि संगणक ५ गिगाहर्ट्झवर नेले, २.४ ची रुंदी ४० वरून २० वर आणली आणि ती फक्त दूरचित्रवाणी व प्रिंटरसाठी ठेवली. शहरात हीच भिंत आपली मित्र ठरते, कारण पाचचा पट्टा शेजाऱ्याकडून आपल्याकडे फारसा येत नाही.

हवा दोषी आहे की बाहेरची तार, याचा निवाडा करायला मी पिंग वापरते, म्हणजे एखाद्या पत्त्यावर छोटा संदेश धाडून उत्तर किती वेळात येते ते पाहते. आधी राउटरचा स्वतःचा पत्ता, बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१, मग बाहेरचा एखादा, जसे गूगलचा ८.८.८.८. राउटरकडून उत्तर दोन-पाच मिलिसेकंदांत येत असेल आणि बाहेरून येत नसेल, तर हवा निर्दोष. राउटरकडूनच दोनशे, चारशे, मग काहीच नाही असे येत असेल, तर कंपनीला फोन करू नये. बिघाड घरात आहे. दोन्ही नीट येऊन संकेतस्थळे तेवढी उघडत नसतील तर बहुधा डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधणारी सेवा, बिघडलेले असते, आणि एकट्या एकाच फोनवर अडत असेल तर तो फोन वायफाय विसरायला लावून पुन्हा जोडावा. संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही, असे समजावे.

कंपनीशी बोलतानाही वहीचा उपयोग झाला. "नेट सारखं जातं" असे सांगितले की समोरचा माणूस त्याच्यापुढची ठरलेली प्रश्नावली वाचतो. "केबलने जोडलेल्या संगणकावर राउटरकडून उत्तर येते, बाहेरून येत नाही, पॉनचा दिवा हिरवा आहे, आज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांपासून" असे सांगितले की तक्रार थेट पुढच्या माणसाकडे जाते. तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. तो देणे कंपनीला बंधनकारक आहे, आणि तक्रार मिटली नाही तर त्याच आधारावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते.

विसर्जनानंतर मी पुण्याला परतले, वही खुंटीलाच ठेवली. दिवाळीत गेले तेव्हा ती चाळली. माझ्या अक्षरानंतर आईचे ठसठशीत, थोडे तिरके अक्षर सुरू झाले होते. शेवटची नोंद अशी होती: "बुधवार. दुपारी चार. लाल दिवा नाही. हिरवा लुकलुकतो. फोनवर वायफाय पूर्ण आहे. म्हणजे बाहेरचं. फोन केला, तक्रार क्रमांक खाली लिहिला आहे. साडेसहाला आलं. मुलांशी बोलले."